पितळी झाकणावरचे ठिपके

बावीस वर्षे पुण्यात मराठी अक्षरजुळणी केल्यानंतर मी लेझर कोरकाम शिकायला गेलो, तेव्हा अक्षरांविषयी आपल्याला नव्याने काही शिकावे लागेल असे मला वाटले नव्हते. शिकवणारे गृहस्थ माझ्याहून दहा वर्षांनी लहान होते आणि आम्ही दोघेही एकमेकांना अहो-जाहो करीत असू. त्यांच्या कारखान्यात दोन यंत्रे होती : लाकूड, ॲक्रिलिक आणि चामड्यासाठी कार्बन डायऑक्साइड लेझर, तर धातूसाठी २० वॉटचा फायबर लेझर. पहिले तीन महिने मी फक्त पहिल्या यंत्रावर सागवानी पाट्या कोरल्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या, मूळच्या बारामतीच्या कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅबमध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला, हे मला तिथेच कळले आणि त्या यंत्राविषयी उगाचच आपलेपणा वाटू लागला.

त्या दिवशी सकाळी एक बाई पितळी डबा घेऊन आल्या. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले होते : ‘मामाकडून सप्रेम भेट, शके १८८०’. म्हणजे १९५८ साल. त्यांच्या आईला लग्नात मिळालेला तो डबा आता आई नातीला लग्नात देणार होती, आणि जुन्या ओळीखाली ‘नातीस आजीकडून सप्रेम भेट, शके १९४६’ अशी ओळ हवी होती. “दादा, अक्षर तसंच आलं पाहिजे बरं का,” असे त्यांनी दोनदा बजावले. आमचे गुरुजी बाहेरगावी गेलेले होते. मी होकार दिला.

पितळेसाठी कार्बन डायऑक्साइड लेझर निरुपयोगी असतो, कारण त्याचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा अदृश्य किरण पितळ जवळजवळ संपूर्ण परावर्तित करते. एवढे मला ठाऊक होते, म्हणून मी फायबर यंत्र सुरू केले. मात्र चष्मा घातला तो नेहमीचाच, पारदर्शक पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचा. पायपट्टी दाबणार एवढ्यात गुरुजींचा फोन आला आणि त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “चष्मा कोणता घातलाय तुम्ही?” पॉलिकार्बोनेट १०.६ मायक्रॉनचा किरण अडवते, पण फायबर लेझरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण त्यातून सरळ पार होतो. तो डोळ्यांना दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही आणि तो थेट दृष्टिपटलावर एकवटतो. समोर घासून चकचकीत केलेले पितळ होते. मी पाय मागे घेतला, खणातून हिरवा चष्मा काढला आणि पाच मिनिटे नुसता बसून राहिलो.

मग पितळी पत्र्याच्या तुकड्यावर चाचणी घेतली. संगणकातल्या उत्तम फॉन्टमध्ये ओळ जुळवली, रेषांनी भरली आणि कोरली. अक्षरे रेखीव, काळीभोर आणि या कामाला पूर्णपणे निकामी उमटली. झाकणाशेजारी तो तुकडा ठेवला तर सरकारी कार्यालयातील सूचनेसारखा दिसत होता. शिवाय माझ्या फॉन्टमधला श हिंदी वळणाचा, शेंडीयुक्त होता, आणि डब्यावरचा श देठयुक्त, मराठी वळणाचा होता. २००९ च्या शासन निर्णयाने हाच श प्रमाण ठरवला आहे. मी मात्र वर्षानुवर्षे फॉन्टने जो दिला तोच श निमूटपणे छापत आलो होतो.

तेव्हा झाकणाचा फोटो घेऊन तो पडद्यावर मोठा केला. भांड्यांवर नावे घालणाऱ्या त्या कारागिराने प्रत्येक ठिपका खिळ्यासारख्या हत्याराने ठोकला होता. सरळ रेषेत ठिपके विरळ होते आणि वळणावर दाट, कारण वळताना हात मंदावतो. दोन ठिपक्यांमधले अंतर कुठेच सारखे नव्हते. ‘कडून सप्रेम भेट’ आणि ‘शके’ हे शब्द मी ठिपक्यांसह जसेच्या तसे उचलले. ‘ना’ बनवण्यासाठी ‘कडून’मधला न आणि ‘मामा’मधला काना कामी आला. त, ज आणि आ मात्र त्या ओळीत नव्हतेच, आणि ९, ४, ६ हे अंकही नव्हते. ती अक्षरे त्याच माणसाने कशी ठोकली असती याचा अंदाज बांधत मी एकेक ठिपका हाताने मांडला. सहाच्या आकड्यातच अर्धा तास गेला असावा.

झाकण थोडे घुमटासारखे असल्याने कडेला आणि मध्यभागी उंचीत दोनेक मिलिमीटरचा फरक पडत होता. यंत्रातून पडणारे दोन लाल बिंदू ज्या उंचीवर एकमेकांवर येतात तिथे किरणाचा केंद्रबिंदू जुळतो, म्हणून ओळीच्या मध्यावर न जुळवता मध्य आणि टोक यांच्या अधल्यामधल्या जागी तो जुळवला. जोर कमी ठेवून तेच ठिपके चार वेळा गिरवले आणि दर फेरीनंतर ब्रशने काजळी झाडली. धूर ओढणारा पंखा अर्थातच चालू होता, कारण पितळेतल्या जस्ताचा धूर छातीत जाऊ देणे बरे नव्हे.

संध्याकाळी बाई आल्या. त्यांनी ओळ वाचली आणि मग त्यावरून बोट फिरवले. तिथे फरक कळणारच होता : हत्यार धातूला बाजूला सारते, त्यामुळे ठिपक्याभोवती बारीक उंचवटा राहतो आणि सहासष्ट वर्षांच्या घासण्याने तो गुळगुळीत झालेला असतो, तर लेझर धातू वितळवून उडवतो आणि काठ ताजे, खरखरीत राहतात. मी हे त्यांना समजावू लागलो, तर त्यांनी पिशवी उघडून डबा आत ठेवला आणि म्हणाल्या, “चिंचेनं घासत राहिलं की येईल सारखं.”

चाचणीचा तो पितळी तुकडा, हिंदी वळणाच्या श सकट, अजून माझ्या टेबलावर आहे.