जिनिंगच्या काट्यावर ३३०६० क्रमांकाचे पोर्ट : माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात एका लहान गावी माझे संगणकदुरुस्तीचे दुकान आहे. गावाबाहेरच्या एका जिनिंगला, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्याला, गाड्या तोलणाऱ्या काट्याची पावती काढण्यासाठी मी एक छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. कापसाच्या हंगामाच्या तोंडावर, तो एकाच संगणकापुरता न राहता फाटकाजवळचा काटा आणि दिवाणजींचे कार्यालय या दोन्ही ठिकाणांहून चालावा, अशी मागणी आली. वरकरणी हे एका केबलचे काम होते. प्रत्यक्षात त्यात माझा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतचा काळ गेला, आणि त्यातला बहुतेक वेळ डेटाबेस सर्व्हरच्या (नोंदी साठवणाऱ्या आणि मागेल त्या संगणकाला देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका प्लगिनची, म्हणजे जोडभागाची, जोडणी समजून घेण्यात गेला.

डेटाबेस मायएसक्यूएल ८.० होता आणि तो दिवाणजींच्या टेबलाखालच्या, उबुंटू ही प्रणाली असलेल्या संगणकावर चालत होता. मी साध्या तक्त्यांऐवजी जेसन दस्तऐवज, म्हणजे प्रत्येकीत वेगळे रकाने असू शकतील अशा नोंदी, साठवत होतो, कारण काट्यावर येणारी प्रत्येक गाडी वेगळी असते. बैलगाडीला क्रमांक नसतो, ट्रॅक्टरला ट्रॉलीचे वजन वेगळे धरावे लागते, आणि बटईने केलेल्या शेताचा कापूस असेल तर एकाच वजनाची रक्कम दोन नावांवर विभागून लिहावी लागते. अशा नोंदींसाठी मायएसक्यूएलमध्ये एक्स प्लगिन आहे. हा प्लगिन ५.७.१२ या आवृत्तीबरोबर २०१६ मध्ये आला तेव्हा तो हाताने बसवावा लागत असे, ८.० पासून तो आपोआप चालू असतो. नेहमीच्या ३३०६ क्रमांकाच्या पोर्टाऐवजी तो ३३०६० या पोर्टावर, स्वतःच्या वेगळ्या प्रोटोकॉलने (संवादाच्या नियमांनी) बोलतो. सर्व्हर एकच असला तरी त्याला दोन स्वतंत्र दारे आहेत, हे मला वाचून ठाऊक होते, पण त्याचा अर्थ कळायला पुढचे दोन महिने लागले.

फाटकापासून कार्यालय साधारण दोनशे फुटांवर असल्याने केबलच्या शंभर मीटरच्या मर्यादेचा प्रश्न आला नाही. केबल टाकून झाल्यावर मी सर्व्हरच्या मांडणीच्या फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेस या ओळीपुढचा १२७.०.०.१ हा पत्ता बदलला. या पत्त्यामुळे सर्व्हर फक्त त्याच संगणकाचे ऐकतो, बाहेरच्याचे नाही. सर्व्हर पुन्हा सुरू केला, काट्यावरच्या संगणकावरून ३३०६ वर जोडून पाहिले, जोडणी झाली, आणि मी समाधानाने प्रोग्रॅम उघडला. प्रोग्रॅमला मात्र तत्काळ नकार मिळाला. पासवर्ड, वापरकर्त्याचे अधिकार, केबल असे सगळे तपासण्यात एक पूर्ण दुपार गेली. शेवटी कोणत्या पत्त्यावर कोणते पोर्ट ऐकत आहे हे दाखवणारी एसएस ही आज्ञा चालवली, तेव्हा ३३०६ सगळ्यांसाठी उघडे आणि ३३०६० अजूनही १२७.०.०.१ वरच, असे स्वच्छ दिसले. उबुंटूच्या त्याच फाइलमध्ये बाइंड-ॲड्रेसच्या लगतच मायएसक्यूएलएक्स-बाइंड-ॲड्रेस अशी दुसरी ओळ असते. मी ती दहा वेळा पाहिली होती, पण पहिल्या ओळीचीच पुनरुक्ती समजून सोडून दिली होती. एका दाराची कडी काढल्याने दुसऱ्या दाराची निघत नाही.

मग मी उलट विचार केला. बाहेरच्या संगणकाला ३३०६ ची गरजच नव्हती, म्हणून ते पोर्ट परत १२७.०.०.१ वर आणले आणि प्लगिनच्या ओळीत स्वल्पविराम देऊन १२७.०.०.१ आणि १९२.१६८.१.५० (आतल्या जाळ्यातला, म्हणजे नेटवर्कमधला, सर्व्हरच्या संगणकाचा पत्ता) असे दोन पत्ते लिहिले. ८.०.२१ या आवृत्तीपासून प्लगिनच्या या ओळीत पत्त्यांची यादी देता येते; मात्र यादीत 'सगळे पत्ते' या अर्थाचे चिन्ह मिसळता येत नाही. आता काट्यावरच्या प्रोग्रॅमला नकार मिळणे थांबले, पण त्याऐवजी तो बराच वेळ थांबून मग हात टेकू लागला. हा फरक माझ्या फार उपयोगी पडला. तत्काळ नकार आला, तर निरोप संगणकापर्यंत पोहोचला पण तिथे ऐकणारे कोणी नाही, असे बहुधा समजावे. नुसतीच शांतता असेल, तर वाटेत कोणीतरी निरोप गिळत आहे. इथे उबुंटूची फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी व्यवस्था, गिळत होती; ती मी याच फेरबदलात चालू केली होती. फक्त आतल्या जाळ्यातील पत्त्यांना ३३०६० वर येऊ देणारा एक नियम घातला आणि त्या संध्याकाळी काट्यावरची पहिली पावती कार्यालयात उमटली.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली, आणि ती घेतली लोडशेडिंगने. एके दिवशी सकाळी दिवाणजींचा फोन आला. "भाऊ, ऑफिसात सगळं चालू हाय, पण काट्यावर काहीच निघून नाही राहिलं. गाड्या रोडपर्यंत लागल्या." मी मोटारसायकलवर गेलो, सर्व्हर पुन्हा सुरू केला, सगळे सुरळीत झाले. चार दिवसांनी तेच झाले, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा. दर वेळी पुन्हा सुरू केल्यावर दोष नाहीसा होई आणि त्याबरोबर त्याचा मागही पुसला जाई, अशी माझी समजूत होती. ती चुकीची होती, कारण सर्व्हरच्या त्रुटींच्या नोंदवहीत सगळे लिहिलेले होते. मी फक्त तिच्या शेवटच्या चार ओळी वाचत होतो.

चौथ्या वेळी मी काहीही सुरू-बंद न करता आधी सर्व्हरलाच विचारले. शो स्टेटस या आज्ञेने मायएसक्यूएलएक्स_ॲड्रेस हे मूल्य पाहता येते. त्यात फक्त १२७.०.०.१ होते. माझ्या फाइलमध्ये दोन पत्ते आणि प्रत्यक्षात एक! नोंदवही वर सरकवत गेलो तेव्हा उलगडा झाला. रात्री वीज गेली की यूपीएसची बॅटरी तासाभरात संपते. पहाटे वीज आली की संगणक आपोआप चालू होतो आणि मिनिटभरात मायएसक्यूएल उभे राहते. पत्ता वाटणारा राउटर मात्र त्याहून सावकाश जागा होतो. प्लगिन १९२.१६८.१.५० वर बसायला गेला त्या क्षणी तो पत्ता संगणकाला मिळालेलाच नसे. मुख्य सर्व्हरच्या बाइंड-ॲड्रेसमध्ये अशी चूक असती तर सर्व्हर सुरूच झाला नसता आणि मला पहिल्याच दिवशी कळले असते. प्लगिन हा सर्व्हरचा अनिवार्य भाग नसल्याने तो सर्व्हरला अडवत नाही. न जमलेला पत्ता तो वगळतो, नोंदवहीत एक ओळ लिहितो आणि जमलेल्या पत्त्यावर काम चालू ठेवतो. एकही पत्ता जमला नाही, तर त्या मूल्यात अनडिफाइन्ड असे दिसते. म्हणून कार्यालय चालू आणि काटा बंद.

उपाय निवडताना मी बराच घोळलो. पहिला उपाय म्हणजे जाळे पूर्ण उभे राहिल्यावरच मायएसक्यूएल सुरू व्हावे, असे सिस्टमडीला (उबुंटूत सेवा क्रमाने सुरू करणाऱ्या व्यवस्थेला) सांगणे. उबुंटूची मूळ मांडणी नेटवर्क-टार्गेट या टप्प्यानंतर सेवा सुरू करते, पण त्या टप्प्याचा अर्थ पत्ता मिळाला असा होत नाही. त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन-टार्गेट हा वेगळा टप्पा आहे. मी तो लावून पाहिला. परंतु ती वाट अमर्याद पाहिली जात नाही. ठरलेली मुदत संपली की सेवा तशीच सुरू होते, आणि आमच्याकडे वीज एकदाच येत नाही, ती दोन-तीनदा येऊन जाऊन मग स्थिरावते. संगणकाला कायमचा पत्ता देणे हा दुसरा उपाय होता, आणि तोही मी केला. पण मधला स्विच साध्या बोर्डावर होता. तो बंद असेल तर केबलच्या टोकाला कोणी नसते आणि कायमचा पत्तादेखील वेळेवर लागेलच याचा भरवसा राहत नाही. अखेर मी पत्त्यांची यादी सोडून मायएसक्यूएलएक्स-बाइंड-ॲड्रेसपुढे ०.०.०.० लिहिले. याचा अर्थ जो पत्ता आज आहे आणि जो उद्या येईल त्या सर्वांवर ऐकणे, त्यामुळे सुरू होण्याच्या क्षणी विशिष्ट पत्ता हजर असण्याची अटच राहत नाही. सुरक्षिततेचा भार फायरवॉलवर टाकला आणि तिचा नियम आणखी आवळून फक्त काट्याच्या संगणकाच्या पत्त्यापुरता ठेवला.  मोजकेच पत्ते लिहिणे अधिक नीटनेटके आहे, हे मला मान्य आहे. पण तो नीटनेटकेपणा अखंड वीज असलेल्या ठिकाणी शोभतो.

डिसेंबरात काट्यावरचा संगणक धुळीने आणि सरकीच्या तुसाने निकामी झाला आणि त्याच्या जागी विंडोज ७ असलेला एक जुना संगणक आला. त्यावरच्या पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जुन्या आवृत्तीची सर्व्हरशी कूटबद्ध (वाटेत कोणाला वाचता येऊ नये अशी) जोडणी जुळेना. मायएसक्यूएलने ८.०.२८ पासून टीएलएस १.० आणि १.१ या कूटबद्धतेच्या जुन्या पद्धतींचा आधार काढून टाकला आहे आणि त्या संगणकावरच्या साधनांना त्यापुढचे येत नव्हते. गाड्या खोळंबल्या होत्या, म्हणून मी जोडणीतली कूटबद्धता बंद केली. प्रोग्रॅम चालला. तीन दिवसांनी वीज गेली, आली, आणि काट्यावर 'वापरकर्ता किंवा पासवर्ड चुकीचा' असा संदेश उभा राहिला.

पासवर्ड कोणी बदललेला नव्हता. या वेळी मायएसक्यूएलएक्स_ॲड्रेस बरोबर होते आणि पोर्टही उघडे होते. कार्यालयातून त्याच खात्याने ३३०६ वर प्रवेश करून पाहिला, तर पासवर्ड अचूक निघाला. काटा मात्र बंदच राहिला. मग तेच खाते मायएसक्यूएल शेल या आज्ञा देण्याच्या साधनातून ३३०६० वर तपासले, प्रवेश मिळाला, आणि चमत्कार असा की तेवढ्याने काट्यावरचा प्रोग्रॅमही चालू लागला. दिवाणजी म्हणाले, "भाऊ, तुमचा हात लागला का चालते हे." माझा मात्र अशा हातगुणावर विश्वास नव्हता, म्हणून त्या रात्री मी माहितीपुस्तिकेतला प्रमाणीकरणाचा भाग अक्षरशः ओळीवर बोट ठेवून वाचला.

८.० मधील खाती सामान्यतः कॅशिंग-शा-२ या पासवर्ड पडताळणीच्या पद्धतीची असतात. कूटबद्ध जोडणीवर एक्स प्लगिन पासवर्ड सरळ पडताळतो. उघड्या जोडणीवर मात्र तो स्वतःच्या स्मरणातील पासवर्डच्या ठशाशी ताडून पाहतो, आणि तो ठसा तिथे असण्यासाठी त्या खात्याने आधी निदान एकदा एक्स प्रोटोकॉलवरूनच कूटबद्ध जोडणीने प्रवेश केलेला असावा लागतो. मुख्य सर्व्हरचेही असेच स्मरण असते, पण ते प्लगिनशी वाटून घेतलेले नसते. म्हणूनच ३३०६ वरच्या माझ्या प्रवेशाचा काही उपयोग झाला नाही. निकामी झालेल्या आधीच्या संगणकाच्या काळात भरलेला ठसा सर्व्हर चालू होता तोवर टिकला, आणि वीज जाताच पुसला गेला. कार्यालयातून शेलने केलेल्या कूटबद्ध प्रवेशाने तो पुन्हा भरला, एवढाच तो हातगुण. दुसऱ्या दिवशी मी विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, म्हणजे पायथन ३.८, आणि तिला जुळणारा कनेक्टर (प्रोग्रॅमला सर्व्हरशी जोडणारा भाग) बसवून कूटबद्धता पुन्हा सुरू केली. प्रमाणपत्रांसाठी वेगळे काही करावे लागले नाही, कारण प्लगिनला स्वतंत्र प्रमाणपत्र दिले नसेल तर तो मुख्य सर्व्हरचेच वापरतो.

उरलेल्या गोष्टी लहान होत्या. प्लगिनची एकाच वेळच्या जोडण्यांची मर्यादा मुळात १०० असते. आमच्याकडे संगणक दोनच, म्हणून मी ती मुद्दाम २० वर आणली. माझ्या प्रोग्रॅममध्ये कुठे जोडणी बंद करायची राहून गेली असेल, तर तो दोष ऐन गर्दीत दिसण्यापेक्षा सकाळीच दिसावा, हा हेतू होता, आणि तसा एक दोष खरोखर सापडला. ही मर्यादा सर्व्हर चालू असताना सेट ग्लोबलने बदलता येते, पण तो बदल विजेबरोबर जातो. मी तो सेट पर्सिस्टने केला. पत्ता आणि पोर्ट मात्र चालू सर्व्हरवर बदलत नाहीत, त्यांना पुनरारंभ लागतो. आठ तास, म्हणजे २८८०० सेकंद, निष्क्रिय राहिलेली जोडणी प्लगिन तोडतो, त्यामुळे काट्यावरचा मुलगा प्रोग्रॅम रात्रभर उघडा ठेवून गेला की सकाळची पहिली गाडी अडत असे. ती मुदत वाढवण्याऐवजी मी प्रत्येक पावतीला जोडणी घेऊन लगेच परत देण्याची पद्धत लावली.

आता दिवाणजींच्या पडद्यावर एक लहानशी खिडकी आहे. वीज जाऊन परत आली की तिच्यात तीन ओळी उमटतात : प्लगिन ऐकत असलेला पत्ता, पोर्ट आणि चालू जोडण्यांची संख्या. ती माहिती फाइलमधून नाही, प्रत्यक्ष सर्व्हरकडून घेतलेली असते. सकाळी कापसाच्या गाड्या फाटकाशी लागल्या की दिवाणजी फोन करतात आणि मी विचारण्याआधीच सांगतात, "चार शून्य दिसून राहिले, भाऊ." त्या दिवशी मला जिनिंगवर जावे लागत नाही.