ल्वारकाठची नोंद: ब्ल्वा ते सोम्युर, 267 कि.मी., वारा तोंडावर

मागच्या नोंदीत फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या या सायकल सहलीच्या तयारीचे आकडे दिले होते. तीन महिन्यांत 1,140 कि.मी., त्यात एक 200 ची बीआरएम (ठरल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी), 12 तास 40 मिनिटांत. ब्रेव्हे, रँदोनर हे शब्द आपण ज्यांच्याकडून उचलले त्यांच्याच देशात सायकल चालवायची म्हणून मी जरा तोऱ्यातच होते. तो तोरा पहिल्याच दिवशी दुपारी उतरला. शांबोरच्या जंगलातल्या सरळ रस्त्यावर मी हँडलवर वाकून वाऱ्याशी झुंजत होते आणि ताई ताठ बसून, घंटी वाजवत, मला मागे टाकून गेल्या.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद. वय 61, बँकेतून निवृत्त. सायकल शेवटची चालवली ती कॉलेजात असताना. त्यांच्यासाठी इ-बाईक भाड्याने घेतली होती, माझ्यासाठी साधी ट्रेकिंग बाईक. युरोपातल्या नियमाप्रमाणे इ-बाईकची मोटर ताशी 25 कि.मी. वेगापर्यंतच मदत करते, पुढे सगळं पायांवर. पण समोरून वारा असताना 25 कोणाला हवेत? 18 मिळाले तरी माणूस राजा.

गाईड नाही, टोळी नाही. मुक्काम आधी ठरवलेले, बॅगा गाडीने पुढच्या मुक्कामी जातात आणि वाट आपली आपण शोधायची. शोधायची म्हणजे काय, ‘ल्वार आ व्हेलो’ हा सायकलमार्ग नव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्राकाठच्या सां-ब्रव्हांपर्यंत साधारण 900 कि.मी. पसरलेला आणि बहुतेक फाट्यांवर पाटी. अटलांटिक ते काळा समुद्र हा युरोव्हेलो 6 सायकलमार्ग याच वाटेवरून जातो. आम्ही त्यातला मधला, किल्ल्यांनी खच्चून भरलेला तुकडा निवडला. सहा दिवस, रोजचे 35 ते 50. बीआरएमवाल्यांनी हसून घ्या.

ब्ल्वा – शांबोर – ब्ल्वा, 44 कि.मी.

पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्टेशनावरून आगगाडीने ब्ल्वा. सकाळी सायकली ताब्यात घेतल्या, सॅडलची उंची लावण्यात अर्धा तास गेला. (स्वतःचं सॅडल नेणाऱ्यांना मी आजवर नावं ठेवायचे. आता नाही.) नदीच्या काठाकाठाने सां-दिये गावापर्यंत जायचं. शांबोरच्या महालाच्या बांधकामाचा दगड नावांतून इथे उतरत असे. तिथून आत वळलं की भिंत लागते. ही भिंत 32 कि.मी. लांब आहे, सगळ्या रानाभोवती.

आपल्या डोक्यात किल्ला म्हणजे बुरूज, तट, दिंडी दरवाजा, पाण्याचं टाकं. शांबोरला यातलं बरंचसं आहे, पण दिखाव्यापुरतं. फ्रान्स्वा पहिला याने 1519 मध्ये काम सुरू करवलं ते शिकारीच्या मुक्कामासाठी. पावणेतीनशेहून जास्त शेकोट्या बांधल्या आणि 32 वर्षांच्या राज्यात राजा इथे राहिला जेमतेम 72 दिवस. ताईंचा हिशेब तिथल्या तिथे: ‘‘एवढ्या पैशात मुद्दल तरी सुटलं असतं का गं?’’

मधला जिना मात्र सायकल बाजूला ठेवून तासभर बघावा असा. दोन गोल जिने एकाच खांबाभोवती एकमेकांत गुंफलेले. एकाने मी चढले, दुसऱ्याने ताई. मधल्या खिडक्यांतून एकमेकींना दिसतो, हात करतो, बोलतोसुद्धा, आणि वरपर्यंत गाठ पडत नाही. ‘‘आपल्या घरात असा पाहिजे होता,’’ ताई पलीकडून म्हणाल्या. वीस वर्षं एका घरात काढलेल्या नणंद-भावजयीला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

परतताना संध्याकाळी रानातून एक आवाज आला. रिकामं लोखंडी पिंप फरशीवरून ओढावं तसा. दोघी थांबलो. पुन्हा आला, लांबून दुसऱ्याने उत्तर दिलं. सप्टेंबरात सांबरांच्या जातीचे हे मोठे नर माजावर येतात आणि दिवस कलला की असे ओरडतात. ताईंनी त्यानंतरचे चार कि.मी. पूर्ण टर्बोवर, म्हणजे मोटरची सगळ्यात जास्त मदत घेऊन, मारले. बॅटरी मुक्कामी पोचली तेव्हा एक काडी शिल्लक.

ब्ल्वा – शोमों – आंब्वाझ, 46 कि.मी.; मग शनोंसोची फेरी, 36

शोमोंला चढ आहे, तिथली बाग बघण्यासारखी आहे, आम्ही धावती भेट दिली. पाऊस होता.

आंब्वाझला मात्र थांबलो. लिओनार्दो दा व्हिंचीने शेवटची तीन वर्षं इथल्या क्लो ल्युसे वाड्यात काढली आणि 1519 च्या मे महिन्यात तिथेच गेला. पण सायकलवाल्यांसाठी आंब्वाझची खरी गोष्ट आठव्या शार्लची. 1498 मध्ये हा राजा खेळ बघायला घाईघाईत निघाला, वाटेतल्या बुटक्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटलं आणि काही तासांत गेला. मी ताईंना हे वाचून दाखवलं. तोवर हेल्मेट टोपलीत ठेवून फिरणाऱ्या ताईंनी ते मुकाट्याने डोक्यावर चढवलं. फ्रान्समध्ये मोठ्यांना हेल्मेटची सक्ती नाही. ताईंना मी केली.

शनोंसोला जंगलातून जायचं. हा महाल शेर नदीवर पुलासारखा उभा आहे. दुसऱ्या आंरी राजाची प्रेयसी दियान द प्वातिए हिने पूल बांधवला, पुढे त्याची राणी कातरिन द मेदिचीने त्यावर दालन चढवलं. दालन 60 मीटर लांब, खाली पाणी वाहतंय. पहिल्या महायुद्धात इथे जखमी सैनिकांच्या खाटा लागल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात शेर नदीच सीमारेषा झाली: या दारात जर्मनांचा ताबा, त्या दारातून बाहेर पडलं की 1942 च्या नोव्हेंबरपर्यंत तरी मोकळा मुलूख. त्या पलीकडच्या दारातून आम्हीही बाहेर पडलो. समोर साधी झाडं आणि एक पायवाट. इतक्या साध्या जागेसाठी लोकांनी जीव धोक्यात घातला होता. तिथे ताई बराच वेळ बोलल्या नाहीत.

आंब्वाझ – तूर – व्हिलांद्री, 52 कि.मी.

आता मुख्य तक्रार. ज्याला विचारावं तो सांगतो, ‘नदीबरोबर चला, उतार मिळतो.’ अहो, कसला उतार! ब्ल्वा ते सोम्युर नदी उतरते मोजून चाळीस-पन्नास मीटर. अडीचशे कि.मी. चालवून चाळीस-पन्नास मीटर! आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडचा एखादा चढ यापेक्षा जास्त देतो. आणि वारा? वारा अटलांटिकवरून येतो, म्हणजे बहुतेक दिवस पश्चिमेकडून, थेट तोंडावर. नदीच्या बंधाऱ्यावरून रस्ता जातो तिथे आडोसा म्हणून झुडूपही नसतं. त्या दिवशी माझा सरासरी वेग 13.1. घाटात याहून बरा पडतो.

मोंलुईच्या अलीकडे वाट द्राक्षमळ्यांतून जाते. तोडणी चालू होती. इथला वाण शेनिन ब्लांक, म्हणजे आपल्या दिंडोरी पट्ट्यात वाइनसाठी लावतात तोच. त्याचं माहेर हे. पण मळा ओळखू येईना. आपली वेल मांडवावर किंवा उंच तारेवर, खालून माणूस चालत जातो. इथली कमरेएवढी, बुटकी, पांढरट खडकाळ मातीत. शिवाय हे लोक द्राक्षं तोडत होते आणि आमच्याकडे याच दिवसांत घड धरण्यासाठीच्या गोडी छाटणीची घाई. एका बाईंना मी खुणांनी आणि मोडक्या इंग्रजीत सांगायला गेले की आमची तोडणी फेब्रुवारीत. त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि मग एक घड हातात ठेवला. साल जाड, बी कडू, गोडी भरपूर.

तूर ओलांडून पुन्हा शेरच्या काठाने जाताना माझं मागचं चाक बसलं. कुंपणाचे काटे छाटून कुणी रस्त्यावरच टाकले होते. हरकत नाही, भाड्याच्या सायकलीबरोबर पिशवीत जादा ट्यूब होती. काढली तर तिचा व्हॉल्व्ह जाड, गाडीच्या टायरचा असतो तसला श्रेडर. आणि माझ्या रिमचं भोक प्रेस्टाचं, बारीक. जाईलच कशी? ज्यांनी पिशवी भरली त्यांनी सायकल बघितलीच नव्हती. दोष माझाही आहेच: सायकल घेताना सॅडलवर अर्धा तास घालवला, पिशवी उघडायला अर्धं मिनिट नाही. आता पिशवीच्या तळाशी पॅच होते, सोल्युशन होतं, सँडपेपर होता, पण भोक सापडेना. वाऱ्यात कान लावून काही ऐकू येत नव्हतं.

‘‘पाण्यात बुडव ना!’’ ताई. सायकल ढकलत पुढच्या गावात गेलो. तिथे जुन्या काळचा कपडे धुवायचा हौद होता, वर कौलारू छप्पर, कडेला तिरक्या धुण्याच्या शिळा. इथल्या बऱ्याच गावांत असे हौद राखून ठेवलेत. ताई शिळेवर गुडघे टेकून बसल्या, ट्यूबमध्ये हवा भरून टीचभर-टीचभर पाण्यात दाबत गेल्या. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बुडबुड्यांची बारीक माळ वर आली. बोट तिथेच दाबून धरलं, पदर असता तर त्यानेच पुसलं असतं, आता टीशर्टने पुसलं. मी घासलं, सोल्युशन लावलं, फुंकर घातली, तर म्हणाल्या, ‘‘फुंकू नकोस, ओल बसते. वडिलांच्या दुकानाशेजारी पंक्चरवाला होता, रोज बघायचे मी.’’ सासरे वारून बारा वर्षं झाली, मला हे आज कळतंय. पॅच सोम्युरपर्यंत टिकला.

पाण्याचं एक लिहून ठेवते: गावात नळ दिसला नाही तर कब्रस्तान शोधा. फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच. फक्त ‘नों पोताब्ल’ (पिण्याजोगं नाही) लिहिलं असेल तर बाटली भरू नका.

व्हिलांद्री – आझे-ल-रिदो – युस्से – शिनों, 51 कि.मी.

व्हिलांद्रीची बाग 1906 नंतर हुआकिम कार्व्हालो या गृहस्थांनी नव्याने उभी केली. नऊ चौकोन, प्रत्येकाची नक्षी वेगळी, आणि नक्षी फुलांची नव्हे, भाजीची. निळसर कोबी, लाल चार्ड, भोपळे, सेलरी. ताईंनी दीड तास घेतला. ‘‘ही भाजी खातं कोण?’’ हा प्रश्न त्यांनी तीन वेळा विचारला. त्यामुळे आझे लांबून बघितलं, युस्से रस्त्यावरून, आणि शिनोंकडच्या चढावर मला अंधारून आलं. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क याच शिनोंत राजपुत्राला भेटायला आली, घोड्यावरून. घोडं बरं.

जेवणाचा नियम इथे पक्का कळला. बारा ते दोन. दोन वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघर बंद, विनवण्या चालत नाहीत. सोमवारी बेकरीही बंद असू शकते. आम्ही एका बाकावर पावात शेंगदाणा चटणी आणि इथलं शेळीच्या दुधाचं सांत-मोर चीज भरून खाल्लं. या चीजच्या नळकांड्यातून आरपार एक गवताची काडी असते, तिच्यावर बनवणाऱ्याचा ठसा. ताईंनी आधी ती केस समजून ओढली.

शिनों – कांद – सोम्युर, 38 कि.मी.

वारा पडला होता! कांद-सां-मार्तांला व्हियेन नदी ल्वारला मिळते. पुढे मोंसोरो, त्युर्कां, आणि डाव्या हाताला पांढऱ्या तूफो दगडाचा कडा. इथल्या बऱ्याच महालांचा दगड अशाच कड्यांतून कापून नेला. दगड मऊ, करवतीने कापला जातो. कापून उरलेल्या पोकळीत लोकांनी घरं केली, दारं-खिडक्या बसवल्या, कड्यातून धुराडी बाहेर काढली. सुझे गावात तर सायकलचा मार्गच डोंगराच्या पोटातल्या गल्लीतून जातो. मी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी वाढलेली, लेण्यांचं अप्रूप नाही. पण आपला काळा पाषाण छिन्नीला जुमानत नाही, आणि इथे भिंतीवर नख ओढलं तर पांढरी पूड हातात आली.

अशाच एका गुहेत जेवलो. भट्टीत पिठाचे छोटे गोळे लाटून टाकतात, पाहता पाहता टम्म फुगतात, गरम असतानाच फोडून आत पांढऱ्या घेवड्याची उसळ भरायची. त्याला फुए म्हणतात. ताई भट्टीजवळच्या खुर्चीवरून हलेनात. एक फुगली नाही तर हळहळल्या: ‘‘कड फाटली बघ तिची.’’

एकूण 267 कि.मी., सॅडलवर 19 तास 50 मिनिटं, पंक्चर एक, किल्ले आतून चार. नोंदीत दुरुस्ती: पुढचा टप्पा सोम्युर ते समुद्र असा करायचा नाही. सां-ब्रव्हांपासून उलटं, पूर्वेकडे यायचं, वारा पाठीवर घेऊन. प्रेस्टाच्या दोन ट्यूबा घरून न्यायच्या. सॅडलही.

गेल्या रविवारी गंगापूर धरणापर्यंतची नेहमीची फेरी केली. ताई गाडीने आल्या, पोहे घेऊन. त्यांनी पंक्चरचं किट विकत घेतलं आहे. सायकल अजून घ्यायची आहे.