छत्रूच्या पुढचा नाला आणि दोन पिकअप

पुण्याहून मनालीपर्यंतचे तीन दिवस, अटल बोगद्याचे ९ किलोमीटर आणि ग्राम्फूचे वळण यांविषयी मला फारसे लिहायचे नाही. हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याच्या या प्रवासातील माझ्या मनात जो भाग ठाण मांडून बसला आहे, तो छत्रू ते बातल या तीसेक किलोमीटरच्या वाटेवर, एका नाल्यात गेलेल्या दीड तासाचा आहे.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा होता. दाजींनी दोन वर्षांपूर्वी घेतलेली पिकअप, ते स्वतः, ताई आणि मी. ही गाडी घेतानाच दाजींच्या मनात स्पिती होती आणि म्हणूनच फोर बाय फोरसाठी, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ देणाऱ्या यंत्रणेसाठी, त्यांनी बरेच लाख अधिक मोजले होते. मनालीतून पहाटे निघायचे ठरले होते. आम्ही निघालो नऊ वाजता. त्या वाटेवर हा उशीर फार महाग पडतो, कारण नाल्यांत हिमनद्यांचे पाणी असते. सकाळी घोट्याएवढा असलेला प्रवाह ऊन चढले, की दुपारी गुडघ्यापर्यंत येतो आणि तळाचे गोटे त्याच्या जोराने जागा बदलतात. आम्ही त्या नाल्याशी पोहोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते.

दाजींनी काठावर गाडी थांबवली आणि डॅशबोर्डवरची गोल कळ टू-एचवरून (फक्त मागच्या दोन चाकांना ओढ) फोर-एचवर (चारही चाकांना ओढ) फिरवली. हिरवा दिवा मिचमिचू लागला. तो थोड्या वेळाने स्थिर होतो, हे त्यांनी वाचले होते, म्हणून ते पुढे निघाले. नाल्याच्या मध्यावर मागचे डावे चाक दोन गोट्यांच्या मधल्या खाचेत बसले, जागच्या जागी फिरू लागले आणि गाडी तिरपी होऊन थांबली. दिवा अजूनही मिचमिचतच होता. गाडी न्यूट्रलमध्ये घेतली, इंजिन बंद करून पुन्हा सुरू केले, आतले दाते जुळावेत म्हणून गाडी वीतभर मागे-पुढे हलवून पाहिली. काहीही बदलले नाही. ताई मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती आणि दाराच्या खालच्या फटीतून पाणी आत येऊ लागले होते. आमच्यापैकी कोणालाही त्या यंत्रणेला हात लावता येईल अशी एकही जागा ठाऊक नव्हती. आमच्या हातात फक्त एक कळ होती आणि ती आम्ही फिरवून झालो होतो.

तेवढ्यात पलीकडच्या काठावर मटारच्या पोत्यांनी लादलेली एक जुनी पिकअप येऊन थांबली. चालक स्पितीतल्या लोसर गावचा, पन्नाशीचा गृहस्थ. त्याने काही विचारले नाही. तो उतरला, आपल्या गाडीच्या पुढच्या उजव्या चाकाशी गुडघा टेकून बसला आणि चाकाच्या मध्यभागी असलेली हबची चकती त्याने हाताने फिरवून लॉक केली, म्हणजे ते चाक इंजिनाच्या ओढीशी जोडले. मग डाव्या चाकाशी जाऊन तेच केले. आत बसून त्याने ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ओढ वाटणाऱ्या पेटीची, ठेंगणी लिव्हर फोर-एलवर (चारही चाके, संथ पण जास्त जोर) ओढली. ती बसल्याचा आवाज पाण्याच्या खळखळाटातही मला ऐकू आला. गाडी ओढायचा पट्टा घेऊन मी पाण्यात उतरलो. त्या पाण्याने पाय क्षणभर पोळल्यासारखे झाले आणि नंतर गुडघ्याखाली ते आहेत की नाहीत, हेच कळेनासे झाले. दोन्ही हुकांत पट्टा अडकवल्यावर त्याने रिव्हर्स टाकला. जुन्या गाडीची चारही चाके एकाच संथ गतीने मागे सरकली आणि आमची गाडी त्या खाचेतून उचलल्यासारखी बाहेर आली.

काठावर आम्ही त्याच्याशी बोलत उभे राहिलो. गाडी अठरा वर्षांची होती. फोर बाय फोर कधी दगा देत नाही का, असे विचारल्यावर त्याने पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट दाखवले. तिथे तेल झिरपून धुळीचा काळा थर जमला होता. "ये सील तो हर साल जाती है," तो म्हणाला, "पर पहले दिखती है, फिर जाती है." आणि मग, फोर बाय फोरविषयी, "महीने में दो बार लगाता हूँ, ज़रूरत हो या न हो." एवढे सांगून, आम्ही देऊ केलेले पैसे न घेता, तो त्याच पाण्यातून पोत्यांसह पलीकडे निघून गेला.

त्याची दोन्ही वाक्ये मी कुंझुम खिंडीच्या चढावर, ४,५०० मीटरहून अधिक उंचीवर, घोळवत राहिलो. जुन्या यंत्रणेतही झिजण्यासारखे पुष्कळ असते: सील, लिव्हरचे बुश, ट्रान्सफर केसमधली सैल पडलेली साखळी. पण ती झीज गळते, वाजते, हाताला जड लागते. आमच्या गाडीत कळ फिरवल्यावर फक्त एक विनंती पाठवली जाते. मग नियंत्रक चाकांची गती तपासतो, ट्रान्सफर केसवरची छोटी मोटर फिरते, पुढच्या डिफरन्शियलमधली (दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरपेटीतली) सरकती कडी जोडली जाते आणि ती जोडल्याची खबर सेन्सरने परत दिली तरच दिवा स्थिर होतो. यातला एक दुवा निसटला, की बाकी सारे ठणठणीत असूनही गाडी पुढच्या चाकांना ओढ देत नाही.

स्पितीतल्या काझा गावी फिटरने तो निसटलेला दुवा वीस मिनिटांत शोधून दाखवला. पुढच्या डिफरन्शियलवरच्या मोटरचा प्लग त्याने उपसून माझ्या तळहातावर धरला. अंगठ्याच्या पेराएवढा तो प्लग, आणि आतल्या पिनांवर मोरचुदासारखा हिरवट थर. जुन्या टूथब्रशने तो घासला, प्लग परत बसवला आणि दिवा क्षणात स्थिर झाला. पुण्यात या गाडीची प्रत्येक सर्व्हिसिंग वेळेवर झाली आहे. कार्पेट धुतल्याची नोंद बिलावर आहे, मात्र फोर बाय फोर लागते की नाही, हे एकदाही कोणी पाहिले नाही, याचा मला अजून राग आहे. तितकीच चूक आमचीही आहे. टोयोटाच्या काही पिकअपच्या माहितीपुस्तिकेत महिन्याला किमान १६ किलोमीटर फोर बाय फोरमध्ये चालवावे, म्हणजे आतल्या भागांना वंगण मिळते, असे स्पष्ट लिहिलेले असते. आमची गाडी त्या कंपनीची नाही, पण नियम तिलाही लागू आहेच. दाजींनी ती कळ अकरा महिन्यांत फिरवली नव्हती. पुण्याच्या कोरड्या डांबरावर ती फिरवूही नये, कारण वळणावर पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळे अंतर कापावे लागते आणि मधे डिफरन्शियल नसल्याने सारा ताण शाफ्टवर येतो. परंतु सिंहगडाच्या पायथ्याशी मातीचे रस्ते काही कमी नाहीत.

नव्या गाडीवर अन्याय करायचा नाही. दोन दिवसांनी काझाच्या वरच्या कोमिक गावाच्या वाटेवर ताजा बर्फ पडला होता. एका वळणावर मागचे एक चाक अधांतरी आले, तेव्हा गाडीने स्वतःच त्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवला आणि ती न अडखळता वर चढली. तिथे त्या जुन्या गाडीच्या साध्या डिफरन्शियलने मागच्या चाकांची ओढ हवेतल्या चाकावर वाया घालवली असती आणि चालकाला कदाचित उतरून चाकाखाली दगड लावावे लागले असते. तरीही, बातलपर्यंत आमच्या फोनला रेंज न मिळालेल्या त्या वाटेवर जायचे असेल, तर मी आजही लिव्हरवाली गाडी निवडेन.

परतताना लोसरहून आम्ही पहाटे पाचला निघालो. नाल्यात पाणी घोट्याएवढेच होते. दाजींनी काठाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबवून कळ फिरवली आणि दिवा स्थिर झाल्यावर माझ्याकडे पाहिले. मी खाली उतरलो, पुढच्या चाकाशेजारी वाकलो आणि गाडी हळूहळू सैल वाळूत चढू लागली, तेव्हा पुढचे चाक स्वतःच्या जोराने वाळू मागे फेकते आहे, हे पाहून मगच त्यांना हाताने पुढे येण्याची खूण केली.