हाताकडे लक्ष: बलून फोटोग्राफी, तिसरा हंगाम

दोन हंगामांत निळ्या आकाशात तरंगणाऱ्या, गरम हवेच्या बलूनचे फोटो ढिगाने जमले. एक पाहिला की बाकीचे पाहायची गरज नाही, इतके सारखे. म्हणून यंदा ठरवलं, बलून वर गेला की कॅमेरा खाली. जे टिपायचं ते जमिनीवरच.

त्यासाठी उजाडायच्या आत मैदानात पोचावं लागतं. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरून हवेचे झोत उठतात, त्यामुळे उड्डाणं पहाटेच्या नाहीतर संध्याकाळच्या शांत हवेत होतात. आधी पंख्याने थंडच हवा भरतात. दवाने ओलं झालेलं कापड गवतावर सळसळतं, कुठे फुगतं, कुठे पुन्हा बसतं. मग आडव्या बलूनच्या तोंडातून बर्नरची ज्वाला आत जाते आणि दोन-तीन झोतांत सगळा डोलारा उभा राहू लागतो. परवानगी विचारून तोंडाच्या बाजूला, पंख्यापासून लांब उभं राहिलं, तर वाइड अँगलमध्ये आतला रंगीत घुमट मिळतो. कापडावर मात्र चुकूनही पाय देऊ नका.

खरी फजिती झाली ती संध्याकाळच्या ग्लोला, म्हणजे बलून जमिनीवरच ठेवून बर्नरने उजळतात तेव्हा. मी दोरीबाहेर, शंभरेक मीटरवर. आवाज आला की बटण दाबायचो, आणि फ्रेममध्ये विझत चाललेला बलून! हिशोब नंतर सुचला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे माझ्यापर्यंत यायलाच चांगला ०.३ सेकंद लागतो. त्यात माझं बोट सुस्त. छोटा झोत तेवढ्यात आटोपतो. आता टेलि लेन्समधून वैमानिकाच्या हाताकडे बघतो. हात वर बर्नरच्या लिव्हरकडे गेला की बर्स्ट, म्हणजे लागोपाठ फोटो, सुरू.

कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरनेही छळलं. ज्वाला दिसली की तो बिचकतो आणि कापड काळं पडतं. आता सगळं मॅन्युअल: आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर एफ ४, शटर १/६० सेकंदाच्या आसपास सुरुवात, आणि एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, कापडावरून ठरवायचा. ज्वालेचा गाभा पांढरा फटक पडला तर पडू दे, डोळ्यालाही तो तसाच दिसतो. फ्लॅश बॅगेतच बरा.

अजून एक. मुख्य बर्नरची ज्वाला निळसर आणि गर्जणारी. दुसऱ्या, कमी आवाजाच्या शांत बर्नरची पिवळी, आणि कापड खरं उजळते ती हीच. पिवळे-पांढरे पट्टे कंदिलासारखे पेटतात, गडद निळे मात्र ढिम्म. सूर्यास्तानंतर आकाशात निळाई शिल्लक असते तेवढ्यातच हे उरकायचं. त्यानंतर बलूनच्या मागे नुसता काळोख.

४१२ फ्रेम्समधल्या ९ ठेवल्या. सगळ्यात आवडती ग्लोची नाहीच. हवा काढल्यावर चौघं जण कापडाला मिठ्या मारत उरलीसुरली हवा पिळून काढताहेत, ती. जराशी हललेली आहे.