आमची वाटचाल : एका चऱ्यासाठी अख्खा दरवाजा रंगवायची गरज नसते

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहायचं मनात होतं पण दसरा-दिवाळीच्या आधी आमच्याकडे गाड्यांचे चरे काढायच्या आणि रंगाच्या कामाची इतकी गर्दी असते की रात्री जेवताना पण हाताचा थिनरचा वास जात नाही, आता जरा निवांत झालंय म्हणून बसलोय.

मी मूळचा कराडकडचा. २००५ ला बारावी झाली आणि मामांनी भोसरीला एका गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंगच्या कामाला लावलं. पहिलं दीड वर्ष मी फक्त वॉटर पेपर (पाण्यात भिजवून वापरायचा घासपेपर) मारला, बादलीत पेपर भिजत टाकायचा आणि सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत लांबी, म्हणजे पत्र्याचे पोचे भरायची पुट्टी, घासायची, बोटांची टोकं सोलून निघायची. आमचे उस्ताद डोळे मिटून पॅनेलवर तळहात फिरवायचे आणि सांगायचे, "इथं अजून उंच आहे बघ, इथं पोचा राहिलाय." मला काहीच दिसायचं नाही. पण रंग मारून लॅकर, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, चढला की त्यांनी दाखवलेल्याच जागी ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसायचं. तो हात यायला मला दोन वर्षं लागली.

तिथं एक गोष्ट मात्र मला कधी पटली नाही. गिऱ्हाईक कसलाही चरा घेऊन आला की पॅनेल पेंट, म्हणजे तो अख्खा भाग नव्यानं रंगवायला लावायचा, सरसकट. कितीतरी चरे असे होते की अर्ध्या तासात कंपाउंड (पॉलिशची घासायची पेस्ट) मारून गेले असते, त्यासाठी कंपनीचा चांगला रंग घासून काढताना मला खरंच वाईट वाटायचं.

कारण बघा, कंपनीत गाडीचा नुसता सांगाडा टाकीत बुडवून, करंट देऊन गंजरोधक थर बसवतात, मग प्रायमर, मग रंग, मग क्लिअर कोट, म्हणजे तोच लॅकरचा थर. हे सगळं मिळून जेमतेम १००-१२० मायक्रॉन, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीचं. आणि ते भट्टीत १४० अंशाच्या आसपास भाजतात कारण तेव्हा गाडीत ना सीट असतात ना वायरिंग. आम्ही गॅरेजवाले तयार गाडीला ६० अंशाच्या वर जास्त नेऊ शकत नाही, वायरिंग आणि प्लास्टिकची वाट लागेल. त्यामुळे रंग मारायचा बूथ, म्हणजे बंद खोली, कितीही भारी असली तरी तो मूळचा रंग जसाच्या तसा परत होत नाही, म्हणून जेवढा वाचवता येईल तेवढा वाचवायचा.

याच विचारानं २०१३ ला नोकरी सोडली. स्प्लेंडरच्या मागे एक पेटी, त्यात पॉलिशिंग मशीन, कंपाउंड, पेपर, मास्किंग टेप, आणि निगडी-प्राधिकरण भागात लोकांच्या घरी जाऊन काम सुरू केलं. पेटीत एक छोटा कॉम्प्रेसर आणि स्प्रे गन पण होती, आणि तिथंच चूक झाली. एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढऱ्या स्विफ्टच्या मागच्या दरवाजाला स्प्रे मारला, व्यवस्थित कागद लावून मारला, पण वाऱ्यानं रंगाची धूळ उडून दोन गाड्या सोडून उभ्या असलेल्या काळ्या सेडानच्या छतावर जाऊन बसली. हात फिरवला तर बारीक रव्यासारखं लागत होतं. मालक उतरले आणि त्यांचा चेहरा बघून माझ्या पोटात गोळा आला. संध्याकाळी सहापासून रात्री साडेबारापर्यंत मी आणि माझा मेव्हणा क्ले (रंगावर बसलेले कण ओढून काढणारी माती) लावून, साबणाच्या पाण्यानं ते छत, बॉनेट, काचा सगळं साफ करत होतो. त्या दिवशी ठरवलं की घरी येऊन स्प्रे मारायचा नाही. घरी फक्त घासकाम, पॉलिश आणि बारीक टचिंग, स्प्रे लागला तर गाडी शेडला. २०१५ ला चिखलीत भाड्यानं छोटी शेड घेतली ती याच कारणानं, सुरुवातीचे सहा-आठ महिने भाडं निघणं पण अवघड होतं तरी घेतली.

दुसरा धडा सिल्व्हरनं दिला. मारुतीचा सिल्व्हर, कंपनीचा रंगाचा कोड झेड२एस, तो बघून दुकानातून बरोबर मिक्स करून आणला, दरवाजा रंगवला, शेडमध्ये एकदम जुळला. गिऱ्हाइकानं उन्हात नेली आणि बाजूनं बघितलं तर दरवाजा काळपट. सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियमचे बारीक कण असतात, रंग ओला बसला की ते कण बुडतात आणि आडवे-तिडवे होतात, कोरडा बसला की वर राहतात, त्यामुळे तोच रंग, तोच कोड, पण गनच्या हाताप्रमाणे रंगाची छटा बदलते. शिवाय आठ वर्षं उन्हात असलेल्या गाडीचा रंग कोडसारखा राहिलेला नसतोच. तो दरवाजा मी पदरचे पैसे घालून परत केला, आणि यावेळी शेजारच्या फेंडरवर रंग हळूहळू विरळ करत नेला आणि लॅकर पूर्ण दोन्ही पॅनेलवर मारला. तेव्हापासून मेटॅलिकला आधी पत्र्याच्या तुकड्यावर ट्रायल, तो तुकडा उन्हात गाडीला लावून बघायचा, मगच गन हातात.

आता घरी करायच्या कामाचं. हे सुरू झालं ते प्राधिकरणातल्या एका रिटायर्ड काकांमुळे. ते म्हणाले, "अहो, मला शिकवा की, मला वेळच वेळ आहे." त्यांच्या वॅगनारच्या बॉनेटवर खडी उडून वीसेक टिकल्या उडाल्या होत्या. मी त्यांना दाखवलं, आधी शाम्पूच्या पाण्यानं धुवा, टिकलीत गंज दिसला तर तो टोकदार पेपरनं काढा, मग टूथपिकच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन खड्ड्यात सोडा, ब्रश फिरवायचा नाही. वाळला की बसतो, खाली जातो, मग दुसरा थेंब, मग तिसरा. एका दिवसात उरकायला जायचं नाही. शेवटी लॅकरचा थेंब किंचित वर ठेवायचा, आठवडाभर थांबायचं, आणि २००० चा वॉटर पेपर खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळून भरपूर पाणी घेऊन तेवढीच जागा सपाट करायची, मग कंपाउंड. काकांनी तीन आठवडे लावले पण मी केलं असतं त्यापेक्षा नीट केलं, खरं सांगतो.

मग माझी बायको म्हणाली की याचं पाकीट करूया. छोट्या बाटलीत कोडप्रमाणे रंग, लॅकर, टूथपिक, २०००-३००० चे पेपर, कंपाउंड आणि मराठीत लिहिलेला कागद, तो कागद तिनंच लिहिलाय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी बाहेरच्यांना बंदी केली आणि आमचं घरोघरी जाणं बंद झालं, तेव्हा या पाकिटांनी घर चालवलं. मी व्हिडिओ कॉलवर एकेकाला शिकवायचो, एक ताई तर अख्ख्या बिल्डिंगच्या गाड्या करून बसल्या.

एक वस्तू मात्र आम्ही त्यात देत नाही, कितीही मागणी असली तरी. हार्डनरवाला टू-के स्प्रे, म्हणजे रंगात कडक करणारं दुसरं रसायन मिसळलेला स्प्रे. चकाकी जबरदस्त येते, पण त्यातल्या आयसोसायनेट नावाच्या रसायनानं दम्याचा त्रास लागू शकतो, साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही. आमच्या उस्तादांनी आयुष्यभर तोंडाला रुमाल बांधून काम केलं आणि आज ते दोन जिने चढू शकत नाहीत. शेडमध्ये कामाला असलेल्या पोरांना योग्य मास्कशिवाय गन हातात मिळत नाही, आणि कुणाच्या घरातल्या बंद पार्किंगमध्ये मी ते पाठवणार नाही.

इन्शुरन्सचं पण विचारतात. छोट्या चऱ्याला क्लेम टाकायच्या आधी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न करता वर्ष काढलं की पुढच्या हप्त्यात मिळणारी सूट, बघा. क्लेम नसलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५० पर्यंत जातो, एका क्लेमला सहसा तो जातो. ५० टक्के साठलेल्या माणसानं दोन-तीन हजाराच्या कामासाठी तो घालवलेला बघितला की जीव हळहळतो.

आज आम्ही सहा जण आहोत. मेव्हणा शेड बघतो, बायको हिशोब आणि पाकिटं, मी अजूनही सकाळी दोन-तीन घरं करतोच. पावसाळ्यात स्प्रेची कामं जपून घेतो, दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते, म्हणून सलग पाऊस असला की तारीख पुढे ढकलतो, तेवढं समजून घ्या.

आणि फोटो पाठवताना कृपया दोन पाठवा, एक चरा कोरडा असताना आणि एक त्यावर पाणी टाकून. पाण्यानं चरा दिसेनासा झाला तर तो सहसा फक्त क्लिअर कोटमध्ये असतो, बहुतेक पॉलिशनं जाईल. नख फिरवून अडकतं का तेही लिहा. खाली पांढरा किंवा राखाडी प्रायमर दिसत असेल तर रंग लागणारच, आणि पत्रा दिसत असेल तर त्याच दिवशी थोडं मेण लावून ठेवा, मी येईपर्यंत गंज धरायला नको.