ठेल्याचा अर्ज पथविक्रेता समितीपर्यंत कसा न्यायचा : नागपुरातला माझा अनुभव

ठेल्यावरून वाद झाला की माणूस आधी नगरसेवकाकडे धावतो, मग पोलिस चौकीत, आणि शेवटी जप्त माल नेणाऱ्या ट्रकच्या मागे. कायद्याने हा विषय ज्या समितीच्या हातात दिलाय, तिच्याकडे फार थोडे जातात. बर्डी, गोकुळपेठ, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार, सदरचा मंगळवारी बाजार, इथल्या ठेलेवाल्यांचे आणि खाली पोतं टाकून भाजी विकणाऱ्या बायांचे अर्ज मी लिहून देतो. त्यातून जे कळलं ते इथे मांडतोय. ज्यांना स्वतःच अर्ज करायचाय त्यांच्यासाठी.

पथविक्रेत्यांचा कायदा १ मे २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार शहरात नगर पथविक्रेता समिती असते आणि महापालिका आयुक्त तिचे अध्यक्ष असतात. महाराष्ट्रात ही समिती २० जणांची. त्यातले ८ जण फेरीवाल्यांनी मतदान करून निवडायचे, कारण किमान ४० टक्के जागा त्यांच्या, आणि त्यांतही एक तृतीयांश बायांच्या. उरलेल्यांत वाहतूक पोलिस, नियोजन प्राधिकरण, वैद्यकीय अधिकारी, व्यापारी संघटना, रहिवासी संघ, बँक आणि स्वयंसेवी संस्था येतात. सर्वेक्षण करणं, विक्री प्रमाणपत्र (म्हणजे धंद्याचा परवाना) देणं, फेरीवाला क्षेत्रं सुचवणं, नोंदणीकृत विक्रेत्यांची यादी ठेवणं ही समितीची कामं. प्रमाणपत्र निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार मात्र महापालिकेचा, तोही सुनावणी दिल्यानंतरच. हा फरक माहीत नसला की अर्ज चुकीच्या टेबलावर पडतो आणि तिथेच राहतो.

सगळ्याचं मूळ सर्वेक्षणात आहे. ते किमान पाच वर्षांतून एकदा व्हायलाच हवं. सर्वेक्षणात सापडलेल्या सगळ्यांना सामावून घ्यायचं, अशी समितीवर जबाबदारी आहे. मर्यादा लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांची. २०११ च्या जनगणनेत नागपूर महापालिकेची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, म्हणजे जवळपास ६० हजार विक्रेते या मर्यादेत बसतात. ‘शहरात आता जागाच उरली नाही’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर हा आकडा समोर ठेवावा.

सर्वेक्षणाच्या दिवशी काय बिघडतं ते नीट समजून घ्या, कारण नंतरची निम्मी भांडणं तिथूनच निघतात. माणूस येतो, मोबाइलवर ठेल्यासह फोटो काढतो, जागेची नोंद घेतो, आधार पाहतो. त्या वेळी धंद्याचा खरा मालक कॉटन मार्केटला माल घ्यायला गेलेला असतो आणि ठेल्यावर भाचा बसलेला असतो. नोंद भाच्याच्या नावाने होते. पुढे प्रमाणपत्रही त्याच्याच नावाने येतं आणि ते दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. दुसरी अडचण आठवडी बाजारवाल्यांची. सोमवारी एका वस्तीत, बुधवारी सक्करदऱ्यात, रविवारी तिसरीकडे अशी त्यांची फेरी असते, पण सर्वेक्षणात एकच जागा धरली जाते. अशांनी ‘फिरता विक्रेता’ म्हणून नोंद करायला सांगावं आणि वार व ठिकाणं लिहून दिलेला कागद सोबत द्यावा. तिसरी गोष्ट साधी, पण नेमकी तीच सुटते: आधारवरचं नाव, बँक पासबुकावरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षरशः सारखं असावं, आणि मोबाइल नंबर आधारला जोडलेला असावा. लग्नाआधीचं नाव एका कागदावर आणि नंतरचं दुसऱ्यावर, एवढ्यावरून बायांची प्रकरणं महिनोन्महिने पडून राहतात. नाव बदलल्याची राजपत्राची प्रत किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

सर्वेक्षणात नाव सुटलं म्हणजे सगळं संपलं असं नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या काळातही समितीकडे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. वय १४ पूर्ण हवं, धंदा स्वतः किंवा घरच्यांमार्फत करतो असं हमीपत्र द्यावं लागतं, आणि उपजीविकेचं दुसरं साधन नाही हेही लिहून द्यावं लागतं.

जुना धंदा असल्याचा पुरावा म्हणून लोक काय काय आणतात! सगळ्यात भक्कम पुरावा मला दैनिक बाजार शुल्काच्या पावत्यांचा वाटतो. त्याखालोखाल दंडाच्या आणि जप्तीच्या पावत्या. दंडाची पावती लोक रागाने फाडून टाकतात. अहो, त्यावर तारीख असते, ठिकाण असतं, नाव असतं आणि सरकारी सही असते! तुम्ही त्या दिवशी त्या जागी धंदा करत होतात, याचा इतका चांगला कागद दुसरा मिळणार नाही. मशीनमधून निघालेल्या पावतीची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून मागे पेनाने तारीख लिहून ठेवा.

महाराष्ट्रात विक्री प्रमाणपत्रासाठी असलेली अधिवास प्रमाणपत्राची अट अनेकांना नडते. त्यासाठी राज्यात सलग १५ वर्षं राहिल्याचा पुरावा लागतो, आणि नागपुरात तर बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेली कितीतरी कुटुंबं ठेले लावतात. मुलांच्या शाळेचे दाखले, जुनं रेशन कार्ड, मतदार यादीतली नोंद, वीज बिलं असं वर्षावार लावून सेतू केंद्रात द्या. मध्ये दोन-तीन वर्षांचा खंड दिसला की अर्ज परत येतो. कागद नेण्याआधी एका कोऱ्या पानावर वर्षं लिहून प्रत्येकासमोर एक पुरावा मांडून पाहिला, तर खड्डा कुठे आहे ते घरीच कळतं.

एक घोळ फार होतो. पीएम स्वनिधीचं कर्ज मिळालं की लोकांना वाटतं, परवाना मिळाला. जून २०२० मध्ये सुरू झालेली ती योजना भांडवलासाठी आहे; त्यासाठी मिळणारं शिफारसपत्र म्हणजे विक्री प्रमाणपत्र नव्हे. पण ते पत्र आणि कर्जाची कागदपत्रं फाइलला जोडा, कारण महापालिकेने तुम्हाला विक्रेता म्हणून ओळखल्याची ती नोंद आहे.

आता जप्तीचं. कायद्याचं कलम १९ सांगतं की माल जप्त करताना त्याची यादी करायची, त्यावर जप्त करणाऱ्या अधिकाऱ्याची सही हवी आणि यादीची प्रत विक्रेत्याला द्यायची. प्रत्यक्षात पथक आलं की पहिल्यांदा तराजू उचललं जातं, मग कॅरेट, मग छत्री, आणि पाच मिनिटांत बंडी ट्रकवर चढते. यादी झालीच, तर ‘भाजीपाला, १ बंडी’ एवढीच. त्या एका ओळीत ८ कॅरेट टमाटर, इलेक्ट्रॉनिक काटा आणि गल्ल्याचा डबा सगळं बुडालेलं असतं, आणि सोडवायला गेल्यावर काटा कुठे गेला याला उत्तर नसतं. म्हणून हुज्जत घालण्यात वेळ दवडू नका. एकाने मोबाइलवर माल चढतानाचं चित्रण करायचं आणि दुसऱ्याने यादी मागायची, एवढंच करा. प्रत्येक वस्तू, संख्या, अंदाजे वजन लिहायला सांगा. ते लिहीत नसतील तर स्वतः वहीच्या पानावर लिहा, वेळ टाका, दोन शेजारच्या दुकानदारांच्या सह्या घ्या आणि त्याच दिवशी तेच पान अर्जाला जोडून द्या. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि टिकाऊ माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा असतो, ठरलेलं शुल्क घेऊन. ही मुदत मागणीपासून मोजतात. म्हणजे लेखी मागणीच केली नाही, तर दुसऱ्या दिवशी सडलेल्या पालकाबद्दल कुणालाच जाब विचारता येत नाही.

जागेवरून कायमचं हटवायचं असेल, तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. शिवाय सर्वेक्षण पूर्ण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येत नाही, असं कलम ३ मध्ये स्पष्ट आहे. ‘ना-फेरीवाला क्षेत्र’ जाहीर करण्यावरही बंधनं आहेत. पूर्वीपासून भरणारा नैसर्गिक बाजार तसा जाहीर करता येत नाही. नुसती गर्दी हे कारण चालत नाही. अस्वच्छतेचं कारण द्यायचं, तर ती केवळ विक्रेत्यांमुळेच होते हे दाखवावं लागतं. सीताबर्डीच्या मुख्य रस्त्याचा वाद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला तो उगाच नाही. तिथे दुकानदार, पायी चालणारे आणि फेरीवाले या तिघांचेही हक्क खरे आहेत, आणि ते तोलायला म्हणूनच या समितीत सगळ्यांना बसवलंय. पायी चालणाऱ्याला वाट उरणार नाही अशी मांडणी आपण स्वतःच टाळली, तर समितीत आपली बाजू जड होते, हे मी प्रत्येक ठेलेवाल्याला आवर्जून सांगतो.

समितीकडे विषय न्यायचा तर अर्ज एका पानाचा असावा. वर विषय, मग जागा अशी लिहा की नकाशाशिवाय सापडेल: झोन, रस्ता, जवळचं दुकान, विजेच्या खांबाचा क्रमांक. किती वर्षांपासून, कोणता माल, किती वाजता. शेवटी नेमकी मागणी एकच. ‘न्याय मिळावा’ असं लिहिलेल्या अर्जावर काय ठराव करणार? ‘अमुक रस्त्यावरील सोबतच्या यादीतील विक्रेत्यांची पाहणी करून हा नैसर्गिक बाजार म्हणून नोंदवावा’ असं लिहिलं, तर सभेत कुणीतरी हो किंवा नाही म्हणू शकतं. दोन प्रती काढा. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. साहेबांच्या हातात दिलेला कागद आवकला चढलेला नसेल, तर तो दिलाच नाही असं समजा. नागपुरात दहा झोन आहेत. झोन कार्यालयात दिलेला अर्ज मुख्यालयात पोचायला वेळ लागतो, म्हणून समितीच्या विषयाचा अर्ज सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात द्यावा आणि प्रत झोनला.

यानंतरची पायरी बहुतेकजण गाळतात. पोच मिळालेल्या अर्जाची प्रत समितीवरच्या निवडून आलेल्या फेरीवाला सदस्यांना द्या आणि विषयपत्रिकेत घ्यायला सांगा. विषयपत्रिकेवर नसलेला मुद्दा सभेत कुणी काढला, तरी तो पुढच्या सभेवर ढकलला जातो. सभा झाल्यावर इतिवृत्त मागा. समितीने प्रत्येक निर्णय कारणांसह प्रसिद्ध करायचा असतो, कलम २३ तसंच म्हणतं. मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस, झेरॉक्स पानाला २ रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर शुल्क माफ. इतिवृत्तात कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेपर्यंत काय करायचं हे लिहिलेलं नसेल, तर पुढच्या सभेसाठी लगेच त्याच क्रमांकाचा संदर्भ देऊन दुसरा अर्ज टाका.

प्रमाणपत्रधारक वारला किंवा कायमचा अंथरुणाला खिळला, तर त्याची बायको किंवा नवरा, आणि त्यानंतर अवलंबून असलेलं मूल, प्रमाणपत्राच्या मुदतीपर्यंत तिथे धंदा करू शकतं. हा अर्ज लवकर करावा. जागा रिकामी दिसली की दुसरा कुणी बसतो आणि मग भांडण दोन गरिबांमध्ये लागतं.

समितीच्या निवडणुकीची मतदार यादी सर्वेक्षणातल्या पात्र विक्रेत्यांवरूनच तयार होते. प्रारूप यादी लागली की आपलं आणि आपल्या रांगेतल्या बायांचं नाव स्वतः जाऊन पाहा. चूक असेल, तर हरकत मुदतीतच आणि लेखी द्या, कारण अंतिम यादी लागल्यावर दुरुस्ती होत नाही.