अकरावीचे ७४ टक्के आणि एका पानाचं स्कूल प्रोफाइल – माझा अनुभव

सव्वीस दिवस लागले. १ ऑक्टोबर २०२४ ला पहिला अर्ज दिला आणि २६ तारखेच्या शनिवारी कागद हातात पडला. मला काही दाखला नको होता, फी माफी नको होती, मुलीच्या अमेरिकेच्या अर्जांसाठी गेल्या वर्षी तिच्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी सायन्सला किती मुलं बसली आणि ७५ टक्क्यांच्या वर किती, ७० ते ७५ किती, ६० ते ७० किती एवढंच एका पानावर सही-शिक्क्यासकट हवं होतं. अजूनही त्या बिल्डिंगवरून जाताना मला ते सव्वीस दिवस आठवतात आणि राग येतो, म्हणून लिहून काढतेय.

आम्ही साताऱ्याचे, मुलगी स्टेट बोर्डाची. गणितात आधीपासून पुढे, आठवीपासून दर रविवारी पहाटेच्या एसटीने स्वारगेट आणि तिथून दामले पथावर भास्कराचार्य प्रतिष्ठानमध्ये गणिताच्या वर्गाला. अकरावीत गणित ऑलिम्पियाडच्या एकेक पायऱ्या, आयओक्यूएम झाली, आरएमओ झाली, जानेवारीत राष्ट्रीय पातळीच्या आयएनएमओला बसली, तिथे देशभरातून काहीशे मुलंच पोचतात. पण याची दुसरी बाजू म्हणजे अकरावीकडे दुर्लक्ष झालं, आणि आमच्याकडे अकरावीचे पेपर कॉलेजच काढतं, कॉलेजच तपासतं, ते फार कडक तपासतात. तिला ७४ टक्के पडले. गणितात १०० पैकी ९६, केमिस्ट्री आणि इंग्लिशने खाली ओढलं.

अमेरिकेला बारावीनंतरच जायचं हे तिनेच ठरवलं. आम्हा दोघांना तर हे जग माहीतच नव्हतं त्यामुळे पुण्यात एका कन्सल्टंटकडे गेलो. त्यांनी 'प्रोफाइल इव्हॅल्युएशन' म्हणून चार पानी रिपोर्ट दिला, त्यात प्रत्येक युनिव्हर्सिटीसमोर प्रवेश मिळण्याच्या शक्यतेचे टक्के. एका ठिकाणी ३, एका ठिकाणी ५, एका ठिकाणी ११. मी विचारलं हे आकडे आले कुठून, तर म्हणे आमचं सॉफ्टवेअर आहे. मग ते म्हणाले दहा ठिकाणी अर्ज करा, पाच टक्क्यांनी धरलं तरी एक तरी लागायचा चान्स चाळीस टक्के होतो. हिशोब म्हणून ते बरोबर आहे, पण मुलीनेच रात्री मला समजावलं की आई, हे दहा नाणी उडवल्यासारखं नाहीये, दहाही ठिकाणी फाइल माझी एकच जाणार, ती फाइल एका ठिकाणी कच्ची वाटली तर बाकी नऊ ठिकाणीही कच्चीच वाटायची शक्यता जास्त. सतरा वर्षांच्या पोरीला जे कळलं ते पैसे घेऊन सल्ला देणाऱ्याने सांगायला हवं होतं. आणि ७४ वर बोट ठेवून ते म्हणाले, हे असताना टॉपची नावं विसरा.

मग आम्ही स्वतःच बसलो. ज्यांना पुढे करायचंय त्यांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवा, अमेरिकेतल्या बहुतेक युनिव्हर्सिटी दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा फॉर्म भरून साइटवर टाकतात, फुकट आहे. त्यात सी-७ नावाचा तक्ता असतो, मार्क, निबंध, शिफारसपत्र, कुठल्या गोष्टीला ते किती महत्त्व देतात हे त्यांनीच खूण करून सांगितलेलं असतं. सी-९ मध्ये प्रवेश घेतलेल्यांचे एसएटीचे (तिकडच्या प्रवेशासाठीची परीक्षा, त्यात गणित ८०० मार्कांचं) आकडे. एच-६ मध्ये परदेशी मुलांना किती मदत दिली ते, आणि माझ्या मते आपल्यासारख्यांनी एच-६ सगळ्यात आधी बघावं. एमआयटीच्या सी-९ मध्ये गणिताचा खालचा (२५ व्या पर्सेंटाइलचा) आकडाच ७८०-७९० च्या घरात आहे, म्हणजे हिचे ८०० आले तेव्हा आम्ही पेढे वाटले खरे, पण तिथे त्या ८०० ने फक्त दारापर्यंत पोचता येतं. हार्वर्डवर प्रवेशात वंश बघण्यावरून जी केस झाली, जिचा निकाल सुप्रीम कोर्टाने जून २०२३ मध्ये दिला, त्या कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं की एका वर्षी नुसत्या अमेरिकन अर्जदारांत एसएटीच्या गणितात पैकीच्या पैकी असलेले तीन हजारांच्या वर होते आणि शाळेत पूर्ण ग्रेड असलेले आठ हजारांच्या वर, आणि जागा सगळ्या मिळून दोन हजारही नाहीत. हे वाचल्यावर मार्कांवरून टक्के काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरं म्हणजे शंभर अर्जांतून किती जणांना घेतात हा जो आकडा सगळीकडे छापून येतो तो आपला नसतोच. तेव्हा हार्वर्डचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता, एमआयटीचा साडेचार, पण एमआयटी स्वतःच्या साइटवर परदेशी मुलांचा आकडा वेगळा देते, तो साधारण दोन टक्के आहे. त्यात पैशाची मदत मागितली की अजून वेगळं. काही ठिकाणी मदत मागितली हे निवड करताना बघत नाहीत, परदेशी मुलांसाठीसुद्धा, त्याला नीड-ब्लाइंड म्हणतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी थोडीच नावं आहेत. स्टॅनफर्ड, कॉर्नेल यांच्याकडे परदेशी मुलाने मदत मागितली तर ती निवडीत धरली जाते. वर्षाचा खर्च ८० हजार डॉलरच्या वर, आम्हाला मदतीशिवाय शक्यच नव्हतं, त्यामुळे कन्सल्टंटच्या यादीतली निम्मी नावं आम्ही तिथेच खोडली. ११ टक्केवालं पण त्यातच गेलं.

आता त्या कागदाकडे येते. या सगळ्या युनिव्हर्सिटी मार्क वाचतात ते त्या शाळेच्या संदर्भात. फाइल वाचणाऱ्याला बोर्ड माहीत असतं, पण साताऱ्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात अकरावीला ७४ म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कसं कळणार? त्याच्यासमोर त्याच दिवशी सीबीएसईची ९६-९७ वाली वीस मुलं असतील. म्हणून कॉमन ॲपमध्ये (एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करायची साइट) विद्यार्थ्याच्या अर्जाशिवाय कॉलेजने भरायचा स्कूल रिपोर्ट असतो आणि त्याला स्कूल प्रोफाइल जोडायचं असतं. त्यात निकालाची विभागणी. मोठ्या इंटरनॅशनल शाळांत ते छापील तयार असतं. आमच्याकडे ते कोणी ऐकलंच नव्हतं.

पहिल्या दिवशी खिडकीवर भाऊसाहेब म्हणाले असं काही आम्ही देत नाही, बोनाफाईड पाहिजे तर देतो. मी म्हटलं बोनाफाईड नको, तरी दोन दिवसांनी बोनाफाईडच तयार करून ठेवलं होतं. मग म्हणाले अर्ज इनवर्डला टाका. टाकला, नंबर घेतला. (नंबर घ्याच, पुढे तोच कामाला आला.) आठवड्याने विचारलं तर अर्ज हेड क्लार्कच्या टेबलावर, आणि त्यांचं म्हणणं इतर मुलांचे मार्क गोपनीय असतात, तुम्हाला कसे देणार. मी सांगितलं नाव नको, रोल नंबर नको, फक्त मोजून आकडा द्या. तर म्हणे बोर्डाचं किंवा त्या परदेशी युनिव्हर्सिटीचं तसं पत्र आणा. आता कुठली युनिव्हर्सिटी साताऱ्याच्या हेड क्लार्कला पत्र लिहिणार? मुलीने कॉमन ॲपच्या सूचनांचे प्रिंट काढले, मराठीत खाली अर्थ लिहिला, नेऊन दिले. ते म्हणाले साहेबांना दाखवतो. मग दसरा आला. मग १५ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि निम्मं ऑफिस इलेक्शन ड्युटीच्या कागदपत्रांत, ज्यांच्याकडे निकालपत्रकांच्या कपाटाची किल्ली ते ट्रेनिंगला. मी रोज साडेअकराला शाळेतून (मी प्राथमिक शाळेत शिकवते, सकाळचं सत्र) थेट तिथे. रोज उद्या या.

मला सगळ्यात लागलं ते हे की कोणी वाईट वागत नव्हतं. खुर्ची देत होते, पाणी देत होते, मुलगी हुशार आहे म्हणत होते. पण त्यांच्या लेखी ते पान म्हणजे एक विचित्र मागणी होती आणि आमच्या लेखी चार वर्षांचे रविवार त्या पानावर अडकले होते. १८ तारखेला मुलगी घरी येऊन रडली, म्हणाली राहू दे आई, ७४ तर ७४ जाऊ दे तसेच. मी नाही म्हटलं. अर्लीची, म्हणजे लवकरच्या फेरीची, अंतिम तारीख १ नोव्हेंबर, त्या दिवशी लक्ष्मीपूजन, आणि कॉलेजला सोमवार २८ पासून दिवाळीची सुट्टी.

सुटलं ते तिच्या गणिताच्या सरांमुळे. सर म्हणाले ताई तुम्ही ऑफिसला कशाला विचारत बसलात, अकरावीचा निकाल ऑफिसचा नसतोच, तो परीक्षा विभागाचा असतो, निकालपत्रकाची एक प्रत त्यांच्याकडे असते. हे मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितलं असतं तर! परीक्षा विभागाच्या मॅडमनी शुक्रवारी दुपारी स्टाफरूममध्ये निकालपत्रक उघडलं, सर आणि त्या पेन्सिलने मोजत बसले, तासाभरात झालं. ३१२ मुलं बसली होती. ७५ च्या वर सहा. ७० ते ७५ सतरा. निम्म्याहून जास्त मुलं ५५ च्या खाली. ७४ टक्केवाली आमची मुलगी वर्गात आठवी, आणि गणितात पहिली. मुलीने मजकूर आधीच टाइप करून ठेवला होता, फक्त आकड्यांच्या जागा रिकाम्या, त्या भरल्या, शनिवारी उपप्राचार्यांनी तो इनवर्ड नंबर बघून सही केली, म्हणाले एवढंच होतं का. हो सर, एवढंच होतं.

त्या पानाकडे बघून मला जे वाटलं ते कन्सल्टंटच्या चार पानांनी कधी वाटलं नव्हतं. ३१२ मध्ये आठवी. पोरगी तीच, मार्क तेच, पण आता वाचणाऱ्याला ते वाचता येणार होते.

काही गोष्टी आठवतील तशा सांगते. स्कूल रिपोर्टची लिंक कॉलेजच्या ईमेलवर जाते आणि आमच्या कॉलेजच्या ईमेलचा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता, तो आधी शोधून घ्या. आमच्याकडे काउन्सेलर नसतो म्हणून सरांनीच ती जागा घेतली, ते चालतं, फक्त पालकाने स्वतः भरायचं नाही. अंतिम वेळ आपल्या इथल्या घड्याळाची असते, रात्री ११:५९, अमेरिकेची नाही, आणि कॉलेजचे कागद एखाद-दोन दिवस मागेपुढे झाले तर बहुतेक ठिकाणी चालतं, हे मला नंतर कळलं, नाहीतर ती दिवाळी मी इतकी जिवाला लावून घेतली नसती. ॲक्टिव्हिटीला दहाच रकाने आणि प्रत्येकाला १५० अक्षरं, तिथे दहा भरलेच पाहिजेत असं नाही, हिने सहा भरले, त्यात धाकट्या चुलत भावंडांना शिकवणं पण होतं. नववी-दहावी वेगळ्या शाळेत असेल तर तिथल्या मार्कलिस्ट पण लागतात. सीएसएस प्रोफाइल (पैशाची मदत मागण्यासाठी घरचं उत्पन्न सांगायचा) मोठा फॉर्म आहे पण पगाराच्या स्लिपा आणि आयटी रिटर्न हाताशी असले की एका रविवारी होतो. अर्जाची फी परवडत नसेल तर माफी मागता येते, मागा, लाजू नका.

आणि चान्स किती हा प्रश्न कोणी विचारला तर मी आता टक्के सांगत नाही. मी विचारते मदत लागणार का, तिथे परदेशी मुलांना मदत किती देतात, आणि तुझे मार्क तुझ्या वर्गात कुठे बसतात. या तिन्हीची उत्तरं असतील तर यादी करता येते. तरीही त्या यादीतल्या प्रत्येक नावासमोर 'नाही' येण्याची तयारी ठेवायची आणि दुसरीकडे सीईटी, जेईई आणि पुण्यातल्या कॉलेजांचा विचार चालू ठेवायचा. आम्ही ठेवला होता, ती आयसरची (आपल्याकडची सरकारी विज्ञान संस्था) तयारीही करत होती.

डिसेंबरात अर्लीचा निकाल आला, अर्ज पुढच्या फेरीत ढकलला. १४ मार्चला एमआयटीचं नाही आलं. मार्चच्या शेवटी एका रात्रीत चार नाही आणि एक वेटलिस्ट. ती रात्र आम्ही तिघेही जागे होतो, कोणी काही बोललं नाही. आणि त्याआधी आठवडाभर एका छोट्या लिबरल आर्ट्स (कला-विज्ञान दोन्ही शिकवणाऱ्या) कॉलेजचं पत्र येऊन पडलं होतं, ते तिने मोठ्या नावांच्या निकालापर्यंत बाजूला ठेवलं होतं. पूर्ण मदत, विमानाच्या तिकिटासाठीही थोडे पैसे. त्या पत्रात खाली पेनाने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यात तिच्या गणिताचा आणि 'तुझ्या वर्गात' असा उल्लेख होता. त्या पानामुळेच झालं असं मी म्हणत नाही, म्हणता येणारही नाही. पण कोणीतरी ते पान वाचलं हे नक्की.

५ मेला बारावीचा निकाल लागला, ८१ टक्के. आता कॉलेजने फायनल रिपोर्ट अपलोड करायचाय, त्याला पुन्हा सही, पुन्हा शिक्का. यावेळी मी खिडकीवर जाणार नाही, परीक्षा विभागाच्या मॅडमना कालच फोन केलाय, त्या म्हणाल्या गुरुवारी बाराला या, निकालपत्रक काढून ठेवते.